ये गं धारे, मोडत ये

सून : बाबा, एवढंच सांगा. हौदात पाणी घातलंत का?

सासरे : घातलं. त्यात डोळे वटारण्यासारखं काय आहे? पाण्यातच पाणी घातलं.

सून : गरम?

सासरे : कोमट. हाताला सोसेल असं. मी काय तुझे मासे शिजवायला बसलोय?

सासू : किटली अजून गॅसवर गुणगुणतेय. ही कितवी म्हणायची, अहो?

सासरे : मोजली नाही. साखरेचा पाक करण्यात जन्म गेला माझा. पाणी कधी मोजून घेतलं नाही, डोळ्यानं घेतलं.

सून : आई, आधी तो गॅस बंद करा. बाबा, मी पिशव्या आणायला म्हणून बाजारात गेले. जाताना काय सांगून गेले होते?

सासरे : लाइट गेली तर हवेचा पंप बंद पडेल. पंप बंद पडला की मासे वर येतील. वर आले तर मला फोन करा. सगळं लक्षात आहे. लाइट गेली, पंप गप्प झाला, मासे वर आले. फोन केला तर तुझा फोन लागेना. मग मी काय नुसता हात बांधून त्यांचे आ वासलेले चेहरे बघत बसू?

सून : पण गरम पाणी कशाला?

सासरे : त्यांना हवा कमी पडतेय, हे तूच सांगतेस ना? पाण्यातली हवा?

सून : हो.

सासरे : मग पाण्यात हवा जास्त मावायला हवी. गार पाण्यात साखर टाक, मूठभर खाऊन गप्प बसतं, बाकीची तळाशी. तेच पाणी तापव, पोतं गिळेल आणि ढेकर देणार नाही. ऊन पाण्याच्या पोटात सगळंच जास्त मावतं. अख्खं आयुष्य याच खोलीत, याच जागी, मी हेच केलं. आता ते मला शिकवू नकोस.

सून : साखरेचं तसंच असतं, बाबा. हवेचं उलटं असतं.

सासरे : हवा काय सासुरवाशीण आहे, रीत वेगळी असायला?

सासू : भांडा नंतर. आधी ते बघा, सगळे वर आलेत. नुसती तोंडं दिसताहेत पाण्यावर. सूनबाई, पाचला दवाखान्याची गाडी मासे न्यायला यायची आहे.

सून : माहीत आहे, आई.

सासू : मी यांना आठवण करून देतेय, तुला नाही. अहो, काय ठरलंय आठवतं ना? आज मासे धड गेले, तर लहान मुलांच्या वॉर्डातला तो काचेचा मोठा हौद हिच्या हाती येणार आणि ही खोली हिची. गाडी रिकामी परत गेली, तर उद्यापासून इथे टायर. टायरवाल्याला शब्द तुम्ही दिलात.

सासरे : दिला. ज्या खोलीला साखरेचा वास यायचा, त्या खोलीला शेवाळाचा वास येतो. माझ्यानं नाही सोसवत.

सासू : आणि रबराचा सोसणार आहे. वा.

सून : आई, त्या खिडकीची फळी काढा. वारा येऊ दे. बाबा, रागवायचं तर रागवा, पण ती पोती भिजवून हौदाच्या कडेनं गुंडाळा. बाहेरून ओली राहिली की भिंत गार होईल.

सासरे : गुंडाळतो. पण तुझं म्हणणं मला पटलेलं नाही, हे लक्षात ठेव.

सासू : फळी निघाली. अगं बाई, इथे उन्हात ही सोड्याची बाटली कुणी ठेवलीय?

सासरे : माझी आहे. सकाळी आणली. पोटात गुबारा धरला होता. राहून गेली.

सासू : मग प्या आता, म्हणजे डोकं तरी... अरे देवा. अहो. अहो, ही थांबेना.

सासरे : अगं, अंगठा धर तोंडावर.

सासू : धरलाय की. अंगठ्याच्या आजूबाजूनं येतेय. सगळी ओली केली मला मेलीनं. अर्धी बाटली माझ्या बाहीत गेली.

सून : बाबा, बघितलंत?

सासरे : काय बघायचंय त्यात? हिला बाटली उघडता येत नाही. लग्न झाल्यापासून येत नाही.

सून : हीच बाटली बर्फातून काढून उघडली असती तर?

सासरे : तर नुसती फुस्स केली असती. जिभेला चावली असती, बस.

सून : का?

सासरे : का म्हणजे? गार सोडा शहाणा असतो. आतल्या आत राहतो. तापला की...

सासू : बोला की. तापला की काय?

सासरे : तापला की आतला वायू बाहेर पळतो.

सून : माशांच्या हौदातही तेच चाललंय, बाबा. फेस येत नाही, एवढंच. गुपचूप पळतेय.

सासरे : सोडा बाटलीत कोंडलेला असतो. त्याची गोष्ट निराळी.

सून : बरं. तुमच्या पातेल्याची गोष्ट घ्या. पाणी चुलीवर ठेवलंत. अजून उकळी नाही, वाफसुद्धा धड नाही. त्या वेळी पातेल्याच्या आतल्या कडेला काय दिसतं?

सासरे : मोहरीएवढे बुडबुडे. कडेला चिकटून बसतात, मग एकेक सुटून वर येतो. माझे वडील म्हणायचे, पाणी जागं झालं. पाणी जागं झालं की साखर टाकायची.

सून : ते बुडबुडे हवेचे. पाण्यात विरघळलेली हवा. पाणी तापलं की तिला आत राहवत नाही. जागं झालेलं पाणी साखरेला जागा देतं आणि हवेला घराबाहेर काढतं.

सासरे : म्हणजे मी किटल्या भरभरून त्यांची हवा काढून टाकत होतो.

सून : तुम्हाला माहीत नव्हतं, बाबा.

सासरे : रोज बघत होतो मी ते बुडबुडे. रोज. पोरी, ती पांढऱ्या ठिपक्याची बघ. ती कलली. एका कुशीवर झालीय. अगं, ती रुसूबाई आहे. काहीतरी कर.

सासू : रुसूबाई?

सासरे : खाणं टाकलं की ती मागे राहते. सगळ्यांचं झाल्यावर येते. म्हणून.

सासू : आणि मला सांगता, माशांकडे ढुंकून बघत नाही म्हणून.

सासरे : ढुंकून नाहीच बघत. समोर असतात म्हणून दिसतात. सूनबाई, शेजारी फ्रिजमध्ये बर्फ आहे. लाइट गेली तरी बर्फ अजून बर्फच असेल. आणतो आणि ओततो सगळा.

सून : ओतायचा नाही. बाबा, थांबा. एकदम गार केलं तर त्या धक्क्यानंच जातील.

सासरे : मघाशी गरम नको, आता गार नको. तुझ्या माशांचं करायचं तरी काय?

सून : हळूहळू उतरवायचं. तुम्ही गरम पाक थंड परातीत ओतायचात का?

सासरे : वेडी की काय? एकदम गार झाला की रवा धरतो. वाळूसारखा कचकचतो. खडीसाखरेचा मोठा खडा हवा असेल तर भांडं गोधडीत गुंडाळायचं आणि घरात कुणी पावलांचा आवाजही करायचा नाही. पाण्याला साखर सोडायला वेळ द्यावा लागतो.

सून : माशांनाही तसाच वेळ लागतो.

सासरे : अस्सं. मग सरळ सांग ना तसं. बर्फ बाटल्यांत भरू. बुचं घट्ट लावू आणि बाटल्या वर तरंगत सोडू. झिरपत झिरपत गार होईल.

सून : तसंच. आणि जिन्याखालचं झाकलेलं पिंप आहे ना, त्यात मी कालपासून पाणी भरून ठेवलंय. ते सावलीतलं आहे. त्यातलं थोडं थोडं घालू.

सासू : बर्फ मी आणते. तुम्ही दोघं इथेच थांबा. शेजारीण माझी आहे, तुम्हाला ती दारातच चहाला बसवेल.

सासरे : पोरी, एक विचारू? गार झालं म्हणजे पाण्याच्या पोटात जागा झाली. पण हवा तिथे शिरणार कशी? पंप तर मेलेला.

सून : तेच मला सुचत नाहीये. हातानं पाणी खळबळवते. वर हवा, खाली पाणी, दोन्ही जितकी भेटतील तेवढी आत जाईल. पण हातानं किती होणार?

सासरे : हातानं नाही होत. धारेनं होतं. सरक बाजूला. ते तांब्याचं घंगाळ कुठे ठेवलंस माझं?

सून : कोपऱ्यात. त्यात मी जाळी ठेवते.

सासरे : जाळी काढ. पाकाला चमक आणायची, तर एका भांड्यातून दुसऱ्यात ओतायचा. डोक्याच्या वरून. हात ताठ, नजर धारेवर. बघ आता.

सून : बाबा, खांदा. तुमचा उजवा खांदा दुखतो.

सासरे : खांद्याला नंतर विचारू. बघ.

सून : किती सुरेख. पाणी हलत नाहीये, काचेची कांडी उभी केल्यासारखं दिसतंय.

सासरे : मग. पंचक्रोशीत अशी धार कुणाची नव्हती. मधे न तुटणारी. टपकन पाण्यात शिरते, थेंब उडत नाही.

सासू : हा घ्या बर्फ. शेजारणीनं आइस्क्रीमचा डबासुद्धा वर ठेवून दिलाय, वितळायच्या आत पोटात घाला म्हणून. अगं बाई, धार धरलीत? किती वर्षांनी. मी पाक ढवळायचे आणि हे ओतायचे तेव्हा मी गाणं म्हणायचे, सूनबाई.

सासरे : मग म्हण ना. हाताला ताल लागतो.

सासू : 
ये गं धारे, ये सरळ, जशी सुईतली दोरी,
वाटेमधे तुटशील तर, रुसेल गं गोडी सारी.

सासरे : हं. आता कसं बरं वाटलं. पोरी, मासे गेले का खाली?

सून : बाबा, रागावू नका.

सासरे : म्हणजे नाही.

सून : धार इतकी सुरेख आहे की ती पाणी हलवतच नाही. सुईसारखी आत जाते. आपल्याला उलटं हवंय. तुटायला हवी. थेंब थेंब व्हायला हवेत, म्हणजे प्रत्येक थेंब वाटेत हवा घेऊन येईल. वाईट धार हवीय, बाबा.

सासरे : वाईट धार.

सून : हो.

सासरे : वाईट धार मला येत नाही.

सासू : काय बाई गर्व.

सासरे : गर्व नाही गं, हात ऐकत नाही. हे बघ, मुद्दाम हलवतोय मनगट, तरी सरळच पडतेय. वडिलांनी धार तुटली की मनगटावर पळी मारायची सवय ठेवली होती. ती पळी अजून आहे माझ्या मनगटात.

सून : असू दे, बाबा. मी ओतते. मला वाईटच येते.

सासरे : तुझी उंची पुरणार नाही. थांब जरा, विचार करू दे. वाईट धार, तुटकी धार... अगं, झारा. माझा झारा कुठे आहे?

सासू : कुठला? भोकांचा?

सासरे : पाकावरची मळी काढायचा, मोठा. परातीएवढा.

सासू : माळ्यावर आहे. टायरवाल्याला दाखवायला म्हणून खोली आवरली, तेव्हा तुम्हीच टाकायला निघाला होतात. मी लपवला.

सासरे : आयुष्यात पहिल्यांदा माझं न ऐकल्याबद्दल तुला माफ केलं.

सासू : पहिल्यांदा कसली. घ्या, धूळ पुसलीय.

सासरे : पोरी, तू स्टुलावर चढ आणि झारा धर. दोन्ही हातांनी. हौदाच्या बरोबर मधे. मी वरून ओततो. धार माझी, मोडायचं काम झाऱ्याचं.

सून : धरला. ओता.

सासू : अगं बाई. हा तर पाऊस झाला.

सून : थांबू नका, बाबा. बघा, कसा फेस येतोय पाण्यावर. आई, बाटल्या सोडा. एकेक, चारी कोपऱ्यांत.

सासू : सोडल्या. डुलताहेत बदकासारख्या. अहो, घंगाळ मी भरून देते, तुम्ही नुसतं वर उचला. माझी कंबर, तुमचा खांदा, हिचे हात, मिळून एक धड माणूस होईल.

सासरे : गाणं का थांबवलंस?

सासू : ते गाणं न तुटणाऱ्या धारेचं आहे. इथे कसं चालेल?

सासरे : मग बदल. तुझंच तर आहे.

सासू : थांबा हं. 
ये गं धारे, मोडत ये, जशी तुटली मोत्यांची माळ,
वारा बांधून आण पदरी, खाली वाट बघतं बाळ.

सून : आई, परत म्हणा.

सासू : 
ये गं धारे, मोडत ये...

सासरे : ...जशी तुटली मोत्यांची माळ. छान बांधलंस गं. भर, भर, घंगाळ भर.

सून : बाबा, खांदा?

सासरे : कुठला खांदा? मला खांदे होते, हेच विसरलोय मी. रुसूबाई कशी आहे ते सांग.

सून : अजून आडवीच आहे. पण कल्ले हलताहेत. जोरानं हलताहेत.

सासरे : इथे घ्या मग धार. तिच्या डोक्यावर. तिकडे सरक थोडी. अगं रुसूबाई, आज तरी सगळ्यांच्या शेवटी नको येऊ.

सासू : पाण्यात बोट घालून बघितलं. मघापेक्षा गार लागतंय. आणि सूनबाई, त्या कडेचे दिसेनात.

सून : कुठल्या कडेचे?

सासू : बारके. शेंगेएवढे होते ते. मघाशी तोंडं वर काढून होते, आता नाहीत.

सून : मेले नाहीत ना, आई? तळाशी पडलेत का?

सासू : मला कुठे दिसतंय या फेसात? अहो, थांबवा जरा तुमचा पाऊस.

सून : थांबा, बाबा. क्षणभर.

सासरे : बोल. बोल लवकर. मला वाकता येत नाही.

सून : पळताहेत. बाबा, खाली एकमेकांच्या मागे पळताहेत. ते बघा, मधलेसुद्धा खाली चालले. एक, हा दुसरा... सगळी रांग उतरली. वर कुणी नाही.

सासरे : कुणी नाही?

सून : एकच आहे.

सासरे : ती.

सून : हो. पण सरळ झालीय. उभी आहे पाण्यात. तुमच्याकडेच बघतेय असं वाटतंय.

सासरे : बघू दे. रागावली असेल. तिला गरम पाणी पाजलंय मी. घंगाळ भर गं. हिच्यासाठी वेगळा पाऊस पाडतो.

सासू : काही पाडू नका. गेली. शेपूट झटकून गेली खाली. तुमच्या तोंडावर पाणी उडवून गेली.

सासरे : ते पाणी तिचं नाही.

सासू : मग कुणाचं आहे?

सासरे : झाऱ्याचं असेल. पुढे बघ, गाडी आली वाटतं.

(गाडी आली. सुनेनं पिशव्यांत पाणी घेतलं, मग मासे, आणि पिशव्यांची तोंडं बांधली. आतले मासे अगदी निवांत होते, जणू दुपारी काही घडलंच नव्हतं. दवाखान्याच्या बाईंनी एकेक पिशवी उजेडात धरून बघितली आणि हसत हसत गाडीत ठेवली. गाडी वळणावर दिसेनाशी झाली, तरी सून दारातच उभी राहिली. मग आतल्या आवाजांनी तिला हाक मारली.)

सासू : अगं, ऐकलंस का यांचं? त्या बाईंनी विचारलं, हौदावर हा पाऊस कशाला पाडला? तर हे म्हणतात, “गार पाण्यात हवा जास्त मावते, बाई, एवढंसुद्धा ठाऊक नाही?” कमरेवर हात ठेवून. जणू पाळण्यात असल्यापासून ठाऊक होतं.

सासरे : दुपारपासून ठाऊक आहे. ठाऊक असलं म्हणजे झालं.

सून : बाबा, त्या बाई परवा बोलावताहेत. काचेच्या हौदाचं सगळं माझ्याकडे दिलंय. मुलं काचेला नाक लावून बसली आहेत, असा दवाखान्यातून फोनही आला. मासे पोचायच्या आतच.

सासरे : त्यांना सांग, हौद खिडकीजवळ ठेवू नका म्हणावं. उन्हात पाणी तापेल.

सून : सांगते.

सासू : आणि टायरवाला? तो उद्या सकाळी दारात उभा राहील.

सासरे : नाही राहणार. मघाशी पिशव्या बांधत होतात तेव्हा मी त्याला फोन केला. म्हटलं, खोलीत पाऊस पडतो. तुझे टायर भिजतील.

सासू : आणि शेवाळाच्या वासाचं काय?

सासरे : येतो थोडा. माणूस सवयीचा होतो. अगं, तो आइस्क्रीमचा डबा कुठे आहे?

सासू : पाणी झालंय त्याचं. पेल्यातून प्यायचं असेल तर देते.

सून : मी चहा ठेवते. बाबा, साखर किती घालू?

सासरे : रोजची. पण चहा गरम आहे तोवर घाल. साखरेच्या बाबतीत तरी माझं खरं आहे ना अजून?

सून : अगदी खरं आहे, बाबा. पण तुम्ही परत घंगाळ का उचललंत? मासे तर गेले.

सासरे : सगळे नाही गेले.

सून : म्हणजे?

सासू : बघ आता. पिशवी बांधताना हे आडवे उभे राहिले होते, तेव्हाच मला वाटलं. रुसूबाई हौदातच आहे ना?

सासरे : शेवटी यायची सवय तिची. राहून गेली. मी काय करू?

सासू : ठेवा ते खाली आता. खांदा धरून बसाल उद्या.

सासरे : ठेवतो गं. पण लाइट कुठे आलीय अजून? पोरी, झारा धर जरा.